कावळ्यांचं पाठांतर

२ एप्रिल १९९६, भेस्तान, सुरत

आज सकाळी आम्ही उभयता सुरतेला सुखरूप पोचलो. उधना स्टेशनावर गाडीतून उतरल्या उतरल्या भागीरथीनं चपला काढल्या आणि फलाटालाच नमस्कार केला. मी विचारलं, कुणाला गं? तर म्हणे, या गावानं माझ्या लेकाला भाकरी दिली, म्हणून. बायकांचे देव फार स्वस्तात होतात. पण वारा गोड होता, गर्दीतून ललित हसत येत होता, म्हणून मीही हात जोडले. चिरंजीव आता कापड रंगवण्याच्या मिलमध्ये सुपरवायझर आहेत. दाट केस, झुपकेदार मिशा, सगळं आजोळचं देणं. माझ्यासारखा तुळतुळीत गोटा आणि सफाचट तोंड त्याच्या नशिबी आलं नाही, असं भागीरथी कौतुकानं सांगते.

घर छान आहे. खाली दोन खोल्या, वर एक, आणि त्यावर धाबं. इथले लोक त्याला अगाशी म्हणतात. सूनबाई जयश्रीनं वरची खोली आम्हांला दिली. खिडकीतून कडुनिंब दिसतो. म्हातारपणी माणसाला आणखी काय लागतं? एक झाड, एक खुर्ची आणि पाठ असलेल्या कविता.

७ एप्रिल

सुरतेबद्दल माझं मत बनलं. मत बनवायला मला वेळ लागत नाही, शाळेत पहिल्याच दिवशी मला वर्ग कळत असे. हे गाव म्हणजे एक अवाढव्य खडखडाट आहे. जिकडेतिकडे हातमाग नव्हे, नुसते विजेवरचे माग, इथल्या भाषेत ‘संचे’. आपले सगळे खानदेशी इथं येऊन त्या संच्यांना जुंपले गेले आहेत. शेजारी भगवान राहतो, आमच्याच तालुक्यातला, संच्यावर काम करून करून त्याला सगळ्यांशी ओरडूनच बोलायची सवय लागली आहे. मी त्याला विचारलं, इथं कुणी कविता वगैरे वाचतं का? तो म्हणाला, हो, रिक्षाच्या मागं लिहिलेल्या असतात की.

आणि ही तापी! आमच्या गावाखालून हीच वाहते. तिथं तिच्या वाळूत बसून मी मुलांना निसर्गकविता शिकवल्या. मुलं एका सुरात म्हणायची, पलीकडच्या काठावरून उत्तर आल्यासारखं वाटायचं. इथं पुलावरून पाहिलं तर तीच तापी, पण ओळख न दाखवणाऱ्या श्रीमंत नातेवाइकासारखी.

सकाळी धाब्यावर उभा राहून कविता म्हणतो. श्रोते कोण, तर कावळे. कोकिळा नाही, मैना नाही, फक्त राखी मानेचे हे गलेलठ्ठ कावळे. त्यांच्यावर आज दोन ओळी सुचल्या:

काळा कोट अन् राखी मफलर,
कोर्टाबाहेरचा हा वकील!

ललितला ऐकवल्या. तो म्हणाला, आबा, चहा घ्या.

१२ एप्रिल

धाब्यावर कुरडयांचा आणि बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, कारखाना सुरू झाला. भागीरथी, जयश्री आणि गल्लीतल्या बाया पहाटेच गव्हाचा चीक शिजवतात आणि ऊन चढायच्या आत जुन्या लुगड्यांवर कुरडया घालतात. कावळ्यांची चंगळ! एक जण खाली येतो, चोच मारून बघतो, मान वाकडी करून भाऊबंदांकडे पाहतो, की सगळी टोळी हजर. स्वतःची अक्कल एकालाही नाही, एकानं केलं ते सगळ्यांनी करायचं.

मला वडिलांचा उपाय आठवला. भुईमुगाच्या शेतात ते मेलेला कावळा काठीला टांगत, मग हंगामभर कावळा फिरकत नसे. योगायोगानं कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीला शॉक लागून एक कावळा मरून पडला होता. मी सुतळीनं त्याचे पाय बांधले आणि वर आणला. भागीरथी जिन्यातच आडवी आली. म्हणाली, “अहो, तोंडले पंचा तरी गुंडाया!” तिच्या माहेरी म्हणे हे काम करणारा गडी डोळे तेवढे उघडे ठेवून सगळं तोंड झाकून घेई, आणि काम झालं की तो पंचा नदीत सोडून देई. चाळीस वर्षं प्रमाण मराठी बोलणाऱ्या माणसाशी संसार करूनही हिची अहिराणी गेली नाही आणि ही खुळंही गेली नाहीत. मी म्हणालो, अगं, कावळे काय पोलीस चौकीत माझं वर्णन देणार आहेत?

आणि उघड्या तोंडानं, छाती पुढे काढून, टीव्हीच्या ॲन्टेनाला तो टांगला. कडुनिंबावर एवढा कल्लोळ झाला की खालचे लोक बाहेर आले. मी वाकून अभिवादन केलं.

१५ एप्रिल

कुरडया सुरक्षित आहेत. मी मात्र नाही, असं भगवान म्हणतो. झालं ते गमतीदार आहे. सकाळी दूध आणायला निघालो की कडुनिंबावरून एक कावळा ओरडतो. एकच. त्याच्या मागून दुसरा, मग सगळे. दुकानापर्यंत डोक्यावरून सोबत करतात. काल एकानं टकलावर पंजा मारून दाखवला. भगवान संच्याच्या आवाजात ओरडला, “मास्तर, कावयास्ले तुम्हनं थोबाड पाठ व्हयी गयं!” सगळी गल्ली हसली. मीही हसलो. अशिक्षितांच्या विनोदाला हसावं, त्यांना बरं वाटतं.

पाठांतर ही काय चीज असते हे या पाखरांना काय कळणार!

२१ एप्रिल

काल आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली. भागीरथीनं घागर पुजली, पुरणपोळी केली, सांजोऱ्या केल्या, आणि पितरांचा घास धाब्याच्या कठड्यावर ठेवला. शेजारच्या धाब्यावर भगवानचा घास ठेवल्या क्षणी उचलला गेला. आमचा घास उन्हात वाळला. कावळे कडुनिंबावर बसून पाहत होते.

भागीरथीचं तोंड एवढंसं झालं. मला म्हणाली, तो टांगलेला काढा. काढला बापडा. कुजला होताच. काढतानाही पंचा बांधला नाही, कारण आता माघार घेणं म्हणजे कावळ्यांपुढे हार मानणं. त्यांनी पुन्हा तोच कल्लोळ केला.

दुपारी ती भाकरीचा तुकडा हातावर घेऊन कितीतरी वेळ उभी होती. गावी तिच्या हातातून कावळे खायचे. खाली येऊन म्हणाली, “मना दहावाले ह्या येतीन का?” तिला दुसरी कसली भीती नाही. मरणाची नाही, दुखण्याची नाही. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही तर जीव इथंच घुटमळत राहतो, एवढीच. मी म्हणालो, आधी मी जाणार आहे, माझ्या पिंडाला तर रांग लागेल. ती तुकडा घेऊन पुन्हा वर गेली.

६ मे

आज कतारगामला गेलो होतो. माझा जुना विद्यार्थी गणपत तिथं हिरे घासतो. सुरतेचं अख्खं पोट ओलांडून, दोन रिक्षा बदलून जायचं. गणपत दारात पाया पडला, मी आशीर्वादाला हात वर केला, आणि समोरच्या तारेवरून एक कावळा ओरडला.

तोच आवाज. आता मी तो ओळखतो. कावळ्यांच्या साध्या बडबडीपेक्षा वेगळा, घशातून ओढलेला, तुटक. त्यानं एकदा म्हटलं, मग तारेवरच्या सगळ्यांनी म्हटलं. आधी एक, मागून सगळे. माझ्या वर्गात हुशार मुलगा ओळ सांगायचा आणि बाकीचे म्हणायचे, अगदी तसंच.

गणपत म्हणाला, गुरुजी, आत या, आज हे का पिसाळलेत कोण जाणे.

कतारगामच्या कावळ्यांचं मी काय केलं होतं?

१९ मे

कडुनिंबावरची पिल्लं घरट्याबाहेर आली. तोंडं आतून अजून लालसर, उडताना अडखळतात. मी कावळा टांगला तेव्हा ही अंड्यातसुद्धा नव्हती. आज मी खिडकीत उभा राहिलो तर आईनं माझ्याकडे पाहून ती ओळ म्हटली. पिल्लानं आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तीच म्हटली. घोगरी, चुकीची. आईनं पुन्हा म्हणून दाखवली. संध्याकाळपर्यंत पिल्लाची चोख झाली.

मी प्रयोग केला. तोंडाला पंचा गुंडाळून गल्लीतून फिरलो. एकही ओरडला नाही. डोक्यावर टोपी घातली, काढली, सदरा बदलला, त्यानं काहीच फरक पडला नाही. पंचा सोडला आणि आभाळ फुटलं.

म्हणजे चेहराच. माझ्या साऱ्या नोकरीत कुठल्याही वर्गानं इतकं शुद्ध पाठांतर केलं नाही, आणि ते या उकिरडे फुंकणाऱ्यांनी करावं! मला राग येतो. भीती वाटते असं मी लिहिणार नाही.

आता बाहेर जाताना पंचा बांधतो. भागीरथी तो रोज धुऊन खुंटीला लावते. तिचं ते धुणं मला कावळ्यांपेक्षा जास्त लागतं.

२८ मे

काल भागीरथी गेली.

ऊन लागलं. भर दुपारी धाब्यावर होती. हातावर भाकरीचा तुकडा. जयश्री वर गेली तेव्हा ती कठड्याला टेकून बसल्यासारखी होती आणि तुकडा तसाच होता.

मला एकही कविता आठवत नाही.

५ जून

दहावा झाला. झाला म्हणायचं.

मी ठरवलं होतं की घाटावर जायचंच नाही, माझं तोंड तिथं दिसायला नको. पण राहवलं नाही. पंचा बांधून लांब, भिंतीआड उभा राहिलो. तापीच्या काठी पिंड मांडले. शेजारी आणखी एका घरचे पिंड होते, ते लोक मागे सरकले न सरकले तोच कावळे तुटून पडले. मला हायसं वाटलं. म्हटलं, भुकेले आहेत, येतील.

मग ललित पिंडापासून मागे वळला आणि मी त्याला पाहिलं.

न्हाव्यानं त्याचं क्षौर केलं होतं. केस नाहीत. मिशा नाहीत. तुळतुळीत गोटा, सफाचट तोंड. आजोळचं सगळं देणं वस्तऱ्यानं उतरवलं होतं आणि खाली मी होतो. माझं कपाळ, माझी हनुवटी. शाळेच्या जुन्या फोटोतला मी, तिथं ओल्या धोतरात उभा.

झाडावरून एकानं ती ओळ म्हटली.

सगळ्या घाटानं म्हटली.

नंतर एकही खाली आला नाही. ललितनं आईला वचनं दिली, आबांना सांभाळीन म्हणाला, रडला. जयश्रीनं वचनं दिली. भगवाननंसुद्धा दिलं. लोक आपसांत कुजबुजायला लागले की मास्तरानं आयुष्यभर तिला खुळी ठरवलं, म्हणून जीव अडकला. भटजी घड्याळ बघायला लागला. शेवटी त्यानं दर्भाचा कावळा वळला आणि पिंडाला लावून मोकळा झाला. गवताचा कावळा! चौथीच्या मुलाच्या हस्तकलेला मी याहून जास्त गुण देईन. आणि यावर तिनं मोकळं व्हायचं?

जीव तिचा अडकला नव्हता. मी त्यांच्या वाटेत उभा होतो. दोन ठिकाणी.

९ जून

ललितच्या कानामागे खोल जखम. मिलमध्ये जाताना. त्यानं तर कधी ढेकूळही मारलं नाही त्यांना. केस वाढेपर्यंत हेल्मेट घालतो म्हणतो, हसण्यावारी नेतो. पण केस वाढले तरी आता काय? त्यांनी तो चेहराही पाहून ठेवला. पिल्लांना सांगितला.

जयश्री सांगत होती, दुपारी धाब्यावर कुणीतरी कठड्यापाशी उभं असल्यासारखं वाटतं. मी तिला झापलं. सुशिक्षित सुनेनं असं बोलू नये.

दुपारी वर गेलो. कठड्यावर भाकरीचा तुकडा होता. ताजा. मी जयश्रीला विचारलं. तिनं ठेवला नव्हता.

११ जून

कावळे ओरडत नाहीत.

पंचा न बांधता उभा राहिलो. नाही. नुसते बसून आहेत. कडुनिंबावर, तारांवर, भगवानच्या धाब्यावर. माझ्याकडे पाहतात, मान वाकडी करून, एका डोळ्यानं. ती नजर मला कळते. वर्गातल्या ढ पोराकडे मी चाळीस वर्षं तसंच पाहिलं. त्यात राग नसतो. नुसता तुच्छभाव.

भाकरीचा तुकडा रोज. रोज ताजा. तो कुणी उचलत नाही.

१२ जून

आता उमगलं. इतकं साधं आहे! जे शिकवता येतं ते पुसूनही टाकता येतं. एकानं खाल्लं की सगळे खातात. कुरडयांच्या वेळी हेच पाहिलं नव्हतं का मी? फक्त एक हवा. एकानं या चेहऱ्याजवळ येऊन घास उचलला, बाकीच्यांनी ते पाहिलं, की धडा बदलला. मग ललित सुटेल. मग तीही.

भाताचा पिंड केला. माझ्या हातानं, जमेल तसा. उघड्या तोंडानं धाब्यावर पाण्याच्या टाकीला टेकून बसलो. पिंड मांडीवर. हलायचं नाही. एकदा जरी हात उगारला तर पुन्हा तेच शिकतील, आणि मग कायमचं.

आले नाहीत. पण जवळच्या तारेवर बसले.

१३ जून

कठड्यापर्यंत आले.

ललित हात धरून खाली न्यायला आला. आबा, उन्हात मराल. त्याला सांगितलं, तू वर येऊ नकोस, तुझ्या येण्यानं बिचकतात. तो रडवेला झाला. जा म्हटलं. ओरडलो त्याच्यावर — तेवढाच ओठ हलला —

कठड्यावर तिची जागा सोडून बसतात. मध्ये एक माणूस मावेल एवढी.

१४ जून

वही गुडघ्यावर. फक्त बोटं हलवतो. पेनाला सरावलेत.

ललित मिलमध्ये. जयश्रीला दार लावून घ्यायला सांगितलं.

ढग आहेत. ऊन नाही. बरं वाटतं. भागी, बघ, एक उतरला — या वर्षीचं पिल्लू आहे, तोंडाच्या कडा अजून मऊ — उड्या मारत येतं — थांबतं — मागे बघतं. सगळे त्याच्याकडे बघतायत. वर्ग शांत आहे.

माझ्या पायावर बसलं.

हललो नाही. शाब्बास. शाब्बास रे. आता घास घे —

पिंडाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. घोट्यापाशी चोच मारली. खेचलं. खालचं मांस — हललो नाही. पुन्हा मारली. मागे पाहिलं, मान वाकडी करून — जसं कुरडयांच्या वेळी —

दुसरा आला. तिसरा. शिकतायत. फार लवकर —

पिंड तसाच आहे. पिंडाला कुणी — भागी, मांडीवर आहे, त्यांना दिसतोय, नको आहे त्यांना — ते मला —

हात उगारला तर ललितला — नाही. हलायचं नाही. हलणार नाही. एक जण खांद्यावर आलाय, श्वास ऐकू येतो, चोच गालाशी — एका डोळ्यानं पाहतोय, माझ्या डोळ्यात — बाकीचे त्याच्याकडे — पाहून घेतायत कसं —

भागी, शिवू दे त्यांना आधी पिंडा